दातांचे डॉक्टर आणि मलकापूरची लान्शिया

तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, हा साधा नियम आमच्या डॉक्टरांना कधी पटला नाही. त्यांचं म्हणणं उलट होतं. "बाई, तोंड मिटल्यालं असलं की माणूस इचार करून बोलतो. उघडं असलं की खरं तेच बाहेर येतं."

डॉक्टर म्हणजे माझे घरमालक. कोल्हापूरच्या राजारामपुरीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली रस्त्याच्या अंगाला दातांचा दवाखाना, मागे ते आणि वैनी, आणि वरच्या खोलीत मी. सत्तरच्या दशकात मी नाशिककडून कोल्हापुरात मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आले तेव्हाची गोष्ट. खोली देताना त्यांनी मला गाव, आडनाव, पगार यातलं काही विचारलं नाही.

"भूगोल शिकवता न्हवं? मग तुरीन कुठं हाय सांगा."

"इटलीत. उत्तरेला," मी म्हटलं.

"बुटाच्या कुठल्या अंगाला?"

"वरच्या. गुडघ्याच्याही वर."

डॉक्टरांनी आत तोंड करून हाक मारली, "अगं, च्या टाक! बाईंना तुरीन म्हाईत हाय!"

तुरीनचं काय एवढं, ते मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोकावल्यावर कळलं. बाकीच्या दंतवैद्यांकडे भिंतीवर दाढेचं उभं कापलेलं चित्र असतं. इथं खुर्चीच्या बरोबर समोर एका लांबलचक, बुटक्या, उघड्या मोटारीचं चित्र होतं. कुठल्याशा जुन्या कॅलेंडरचं पान कापून काचेत घातलेलं. लान्शिया. तुरीनमध्ये जन्मलेली. खुर्चीत आडवा पडलेला पेशंट तिच्याकडेच बघत असायचा, कारण दुसरीकडे बघायला जागाच नव्हती. आणि त्याच्या तोंडात आरसा, चिमटा आणि कापूस गेला की डॉक्टर विचारायचे, "असली गाडी तुमच्या गावात कुणाकडं हाय का वो? जुनी. इटलीची."

दवाखान्यात सगळ्या जिल्ह्यातून माणसं यायची, म्हणजे सगळ्या जिल्ह्याची बातमी यायची. जुन्या संस्थानी काळात जहागिरदारांनी हौसेनं आणलेल्या गाड्या कुठल्या ना कुठल्या गोठ्यात, कडब्याखाली पडलेल्या असणार, असा त्यांचा ठाम विश्वास. पंचाईत एकच. पेशंटला उत्तर देता यायचं नाही.

एकदा हातकणंगल्याचे एक गृहस्थ अक्कलदाढ काढायला आले. डॉक्टरांनी सांडशी लावली आणि विचारलं, "गावात जुनी मोटार हाय का?"

"हाऽऽय!" गृहस्थ म्हणाले.

"इटलीची?"

"हाऽय! हाऽऽय!"

पुढच्या रविवारी डॉक्टर सकाळच्या गाडीनं हातकणंगल्याला. त्या गृहस्थांचं घर शोधून काढलं. ते गाल सुजवून बाहेरच्या सोप्यात बसले होते. डॉक्टरांना दारात बघून बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, दाढेचा काही भाग राहिलाय म्हणून डॉक्टर स्वतःच आले.

"गाडी कुठं हाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कसली गाडी?"

"हाय म्हणालता की! दोनदा म्हणालता."

"मी कवा म्हनलो? मी इव्हळत हुतो की, डॉक्टर!"

ही हकीकत डॉक्टर स्वतःच सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचे. पण प्रश्न विचारणं काही सोडलं नाही.

उचगावच्या एका व्यापाऱ्यानं तर स्वतःहून निरोप धाडला होता, की इटलीची गाडी आमच्याच दारात उभी आहे, बघायला या. डॉक्टर सायकल हाणत गेले. बघतात तर रस्त्यावर रोज शंभर दिसतात तसली नवी फियाट. व्यापारी कौतुकानं म्हणाला, "मूळची इटलीचीच की!" डॉक्टरांनी त्याचं मन मोडलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, पुढची जाळी वाकून तपासली आणि म्हणाले, "परकृती उत्तम हाय. सकाळ-संध्याकाळ फडक्यानं पुसत जावा." चहा पिऊन परत आले.

हो, सायकल हाणत. मोटारींचं एवढं वेड असलेला माणूस स्वतः सायकलवरून फिरायचा आणि लांब जायचं तर एस.टी.नं जायचा. कुणी मोटार घ्या म्हटलं तर नुसते हसायचे. लोकांना वाटायचं, लान्शिया मिळेपर्यंत दुसऱ्या गाडीला हात लावायचा नाही असं काही व्रत असेल. मलाही तसंच वाटायचं.

हे वेड लागलं कसं, असं मी त्यांना तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, लहानपणी एका जहागिरदाराची लान्शिया आमच्या विहिरीवर पाणी घ्यायला थांबलेली. एकदा म्हणाले, मुंबईला शिकत असताना समुद्राकाठच्या रस्त्यानं नुसता आवाज ऐकला, गाडी दिसलीच नाही. तिसऱ्यांदा वैतागले. "बाई, माणसाला दाताशिवाय कायतरी नको व्हय?"

वैनींचं मत वेगळं होतं. वैनी हातकणंगले तालुक्यातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या लेक. अंगानं उंच, आवाज खणखणीत. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्याही स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणायच्या. सुरुवातीला मी दचकायचे. "बाई, मी बाजाराला जातो, दार लावून घ्या," असं ऐकलं की डॉक्टर बोलले की वैनी, ते वळून बघावं लागायचं. इटलीचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "सवत आणायची तर आणू द्या. पर मराठी बोलणारी तरी आणायची."

या वेडात डॉक्टरांना एकच जोडीदार होता, तोही विरोधी पक्षातला. आबा. गुळाचे अडत व्यापारी, धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे. त्यांच्याकडे एक जुनी इंग्रजी मोटार होती आणि इंग्रजांशिवाय जगात कुणाला मोटार करता येते हे त्यांना मान्य नव्हतं.

"इंग्रजांनी एवढी वर्षं राज्य केलं ते उगंच?" आबा म्हणायचे.

"केलं की. आणि गेलं बी," डॉक्टर म्हणायचे. "तुमची गाडी बी तशीच. गेली की परत येत न्हाय."

दोघं संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर बसून असे भांडायचे की रस्त्यावरची माणसं थांबायची. आणि रविवारी दोघं मिळूनच गाड्या शोधायला निघायचे.

एका श्रावणात जिल्ह्यातल्याच मलकापूरकडचा एक शेतकरी दात भरून घ्यायला आला. डॉक्टरांनी विचारलं, त्यानं हात हलवला. डॉक्टर एव्हाना शहाणे झाले होते. त्यांनी तोंडातली सगळी हत्यारं काढली, त्याला चूळ भरू दिली आणि मग पुन्हा विचारलं.

"आमच्या वाडीत हाय की," शेतकरी म्हणाला. "एक म्हातारी त्येच्यात कोंबड्या पाळती. इटलीची का कुठली ठावं न्हाय. पर दिसाय ह्या चित्रागतच हाय. मगरीसारकी लांब."

डॉक्टरांनी त्याचा दात भरला खरा, पण पैसे घ्यायला विसरले.

पुढच्या रविवारी आम्ही एस.टी.नं मलकापूरला आणि तिथून चिखल तुडवत त्या वाडीवर गेलो. डॉक्टर, आबा आणि मी. "म्हातारी एकटीच असती. संगं बायामाणूस असल्यालं बरं," म्हणून मला नेलं होतं. म्हातारी दारातच तांदूळ निवडत बसली होती. काटकुळी, काळी, डोळे तेज. तोंडाचं पूर्ण बोळकं.

"कोण पावणं?" तिनं विचारलं आणि आम्ही सांगायच्या आधीच म्हणाली, "गाडी बगाय आला आसशीला. मागं हाय. कोंबड्यास्नी भिवू नगा."

मागच्या छपरात, गवताच्या पेंढ्यांच्या आड ती उभी होती. रंग उडालेला, टायर फाटून लोंबलेले, मागच्या बैठकीवर खुराडं. डॉक्टर छपराच्या तोंडाशी थांबले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मग आत गेले, खिशातून दात बघायचा लांब दांड्याचा आरसा काढला आणि तो इंजिनाच्या फटीत घालून वाकून वाकून बघू लागले.

"ऍल्युमिनियमचं इंजिन," शेवटी ते म्हणाले. "चारी नळकांडी एका ठोकळ्यात. बाई, हीच ती."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "इंग्रजी न्हाय," एवढंच म्हणाले.

म्हातारीचे मालक एका जहागिरदाराकडे ड्रायव्हर होते. जहागिरी गेली तेव्हा जहागिरदारानं गाडी त्यांनाच देऊन टाकली. त्यांनी ती वाडीवर चालवत आणली, छपरात लावली आणि मग पेट्रोलअभावी ती तिथून हललीच नाही. तरी ते असेपर्यंत रोज पुसायचे. बायकोलाही आत बसू द्यायचे नाहीत. जहागिरदारांची गाडी आहे, म्हणायचे. आता तेही नव्हते.

"देता का आम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं. "काय म्हणाल ते देतो."

"लई जण आलं," म्हातारी म्हणाली. "समदी म्हनत्यात, बैलं जुपून वडत न्हेतो. का? मढं हाय व्हय ती वडून न्ह्यायला? माज्या मालकांनी चालवत आनली. जायाची तर चालत जाईल. जो हितनं चालवत नील त्येची गाडी. पैकं नगंत मला. पैकं काय चावू? दात हाईत कुटं तोंडात?"

डॉक्टरांनी म्हातारीच्या तोंडाकडे असं बघितलं, जसं थोड्या वेळापूर्वी इंजिनाकडे बघितलं होतं.

"आ करा," ते म्हणाले.

व्यवहार ठरला. म्हातारीला कवळी, आणि जो गाडी चालवत नेईल त्याची गाडी.

त्यानंतर डॉक्टरांचा प्रत्येक रविवार वाडीवर जाऊ लागला. एका पिशवीत कवळीचं सामान, दुसऱ्या पिशवीत गाडीचं, आणि दोन्ही पिशव्यांतलं सामान एकमेकांत मिसळलेलं. दाढा कोरायच्या सुईनं त्यांनी तेलाच्या नळ्या साफ केल्या. मोडलेल्या भागांचे ठसे दातांच्या मेणावर घेतले आणि ते उद्यमनगरातल्या कारखान्यातून ओतून आणले. टायर आबांनी मिळवले; कुठून ते विचारायचं नाही असं बजावलं. ठिणगी चारी नळकांड्यांना वाटून देणारं एक झाकण तडकलेलं होतं. तसं झाकण साऱ्या देशात मिळेना. तेव्हा डॉक्टरांनी ते कवळीच्या मसाल्याचं केलं. हिरड्यांसारखं गुलाबी. आबा म्हणाले, "आता हिला चावू नको म्हणावं."

इकडे दवाखान्याचं काही खरं राहिलं नव्हतं. पेशंटच्या तोंडाला पेट्रोलचा वास यायला लागला. एका शनिवारी एक वकील 'आ' करून बसले आणि डॉक्टरांची काळीकुट्ट बोटं तोंडाकडे येताना बघून खुर्चीवरून उठले ते गळ्यातल्या फडक्यासकट रस्त्यानं चालू लागले. बाकीची माणसंही मग दुसरीकडे जाऊ लागली. दुपारी मी शाळेतून यायचे तेव्हा बाकड्यावर कुणी नसायचं.

एका संध्याकाळी वैनींनी भांडण केलं नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. त्यांनी ताट वाढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "एक तर दवाखाना, न्हायतर ती. दोन्ही व्हायचं न्हाय."

डॉक्टर जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "बरं."

आणि खरंच त्यांनी जाणं थांबवलं. रविवार आला, गेला. दुसरा आला, गेला. नखं स्वच्छ झाली, पेशंट परतू लागले. पण ते कुणाला काही विचारत नव्हते. दात काढायचे, कापूस ठेवायचे, "थुंका" म्हणायचे. संध्याकाळी आबा पायरीवर येऊन इंग्रजांची वाटेल तेवढी स्तुती करायचे, तरी डॉक्टर "असंल" म्हणून गप्प. आबा जाताना मला म्हणाले, "बाई, हे काय बरं न्हाय. भांडत न्हाय त्यो माझ्याशी."

म्हातारीची कवळी तयार होऊन स्वयंपाकघराच्या फळीवर वाडग्यात ठेवलेली होती. वैनी भाकरी थापायला बसल्या की ती बरोबर समोर यायची. तिसऱ्या रविवारी पहाटे त्या वाडगं घेऊन डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या.

"हे त्या म्हातारीला देऊन टाका. दोन आठवडं झालं, माझ्याकडं बघून हसतंय."

डॉक्टर वाडगं हातात घेऊन बसून राहिले.

"उठा की. मीबी येतो. ती सवत हाय तरी कशी, एकदा बघून येतो."

डॉक्टर, वैनी, आबा आणि मी, असे आम्ही चौघं निघालो.

म्हातारीनं आधी कवळीच्या हिरड्या चाचपल्या, मग ती तोंडात बसवून घेतली. डॉक्टरांनी थोडं घासलं, पुन्हा बसवली. तिनं कनवटीचा एक फुटाणा काढून दाढेखाली धरला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. कट् असा आवाज आला. म्हातारीनं डोळे मिटून घेतले आणि सावकाश चावत राहिली. मग म्हणाली, "आता तुमचं बगा."

गाडीचं काम तसं होतच आलं होतं. उरलंसुरलं डॉक्टरांनी दुपारपर्यंत पुरं केलं. कोंबड्या हाकलल्या, खुराडं उतरवलं. आम्ही चौघांनी आणि वाडीतल्या माणसांनी गाडी ढकलून अंगणात आणली. आबांनी पुढे हँडल घातलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. गाडी खोकली. तिसऱ्यांदा आबांनी कुणाला तरी शिवी हासडून सगळं अंग टाकलं आणि इंजिन सुरू झालं. आवाज मोठा नव्हता. खोल, एकसारखा. वाडीतली कुत्री पळाली आणि माणसं जवळ आली. आबांच्या मिशांवरून घाम गळत होता. "आयला," ते म्हणाले, "चांगलीच हाय की!"

डॉक्टर ड्रायव्हरच्या जागेवर बसले. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. आम्ही वाट मोकळी केली. गाडी गुरगुरत होती. डॉक्टर बसून होते.

"चला की!" आबा ओरडले.

डॉक्टरांनी खाली बघितलं. मग हळूच म्हणाले, "मला चालवता येत न्हाय."

"काय?"

"गाडी. कधी शिकलोच न्हाय. परसंगच आला न्हाय कधी."

आबा आधी अंगणातच खाली बसले, मग हसून हसून आडवे झाले. आणि उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. "म्हातारे, जो चालवत नील त्याची, असंच ठरलंय न्हवं? सरका, डॉक्टर."

डॉक्टरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी चाक असं धरलं जसं कुणी बुडताना फळी धरतं. जन्मभर शोधलेली गाडी, हातानं जिवंत केलेली, आणि ती आता इंग्रजांच्या भक्ताकडे जाणार. पण ठरलेलं ठरलेलं होतं. ते उठायला लागले.

तेवढ्यात वैनी पुढे आल्या. पदर कमरेला खोचला आणि आबांना म्हणाल्या, "तुम्ही ऱ्हावा, भाऊजी. मी चालवतो."

"तुला येती?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाबांचा ट्रॅक्टर कोण चालवत हुतं? तुम्ही कधी इचारलं न्हाय. तुम्हाला इटलीचं पडल्यालं. सरका तिकडं. गिअर कुठं हाय, तेवढं सांगा."

डॉक्टर बाजूला सरकले. त्यांनी दाखवलं, वैनींनी एकदा दांडा पुढेमागे करून बघितला. आणि गाडी निघणार तोच म्हातारी काठी आपटत आली. "थांबा! मालकांनी जलमभर बसू दिलं न्हाय. मी बी येनार." तिला उचलून मागे बसवलं. गाडी अंगणातून निघाली, वळली आणि मलकापूरच्या रस्त्याला लागली. म्हातारीच्या आज्ञेनं ती बाजारातून गेली आणि तिच्या नणंदेच्या घरावरून मुद्दाम दोनदा गेली. आबा आणि मी मागून बैलगाडीतून.

आम्ही पोचलो तेव्हा गाडी चावडीसमोर उभी होती आणि तंटा चालू होता. म्हातारी सांगत होती, "गाडी हिची. हिनं चालवली."

"आजी, दात मी केलं की!" डॉक्टर म्हणाले.

"दाताचं उपकार हाईत. पर ठरल्यालं ठरल्यालं."

आबांनी वकिली केली. "ठरताना 'जो चालवंल' असं ठरल्यालं. 'जो' म्हंजे पुरुषमाणूस."

म्हातारीनं नवे दात दाखवत त्यांच्याकडे बघितलं. "मग? ती काय म्हनली? 'मी चालवतो' म्हनली का न्हाय?"

चावडीवरची माणसं हसली आणि निकाल लागला. कागदोपत्री गाडी वैनींच्या नावावर झाली.

त्या दिवशी आम्ही लान्शियातूनच कोल्हापूरला आलो. बांबवड्याला पाणी घालायला थांबलो तेवढंच. संध्याकाळी राजारामपुरीत शिरलो तेव्हा दवाखान्याच्या पायरीशी शेजारीपाजारी जमले होते. वैनी उतरल्या, पदर सोडला आणि म्हणाल्या, "मी भाकरी टाकतो. कुणी हात लावायचा न्हाय गाडीला." कुणी म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं.

पुढे माझी बदली झाली. मी नाशिकला परतले. ऐंशीच्या दशकात एकदा कामानिमित्त कोल्हापूरला गेले तेव्हा त्यांच्याकडेच उतरले. आबा वारले होते. डॉक्टर त्यांच्याबद्दल बोलायला लागले की अजून भांडतच बोलायचे. म्हातारी मात्र अजून फुटाणे खात होती, म्हणे. संध्याकाळी दोघांनी मला गाडीतून रंकाळ्याला नेलं. वैनींचे केस पांढरे झाले होते, हात चाकावर सैल. डॉक्टर शेजारी बसून डोळे मिटून इंजिन ऐकत होते. चढाला लागल्यावर त्यांनी बोट वर केलं.

"आता दुसरा गिअर टाक."

"मगाशीच टाकला की," वैनी म्हणाल्या.